उष्टं शिंग

नवऱ्याचं पोट ज्या वस्तूवर चालतं त्या वस्तूला बायकोनं शिवायचं नाही, असा विठाबाई बाबर यांच्या सासरी दंडक होता. दंडक सासूबाईंचा. तानूबाई त्यांचं नाव, पण विठाबाई त्यांना आत्याबाई म्हणत. लग्न होऊन विठाबाई बंगळुरात आल्या तेव्हा अजून परकर-पोलक्यातल्या होत्या. बळेपेटेच्या मागच्या बोळात दोन खोल्या आणि पुढं पडवी, एवढंच घर. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी पडवीतल्या फळीवरची लाकडी पेटी बोटानं दाखवली आणि बजावलं, "त्येला हात लावायचा न्हाई. उष्टं हाय ते."

पेटीत एक शिंग होतं. चकलीसारखी वळसे घेत गेलेली पितळी नळी, बोटांनी दाबायच्या तीन कळा आणि शेवटी धोतऱ्याच्या फुलासारखं उघडलेलं मोठं तोंड. विठाबाईंचे यजमान कृष्णाजी ते राजवाड्याच्या बँडात वाजवत. ते त्याला हॉर्न म्हणत. पण बोळातली पोरं हॉर्न म्हटलं की मोटारीचा समजून पों पों करत मागं लागत, म्हणून घरात शिंग हाच शब्द रुळला. आता शिंग फुंकायचं म्हणजे तोंड लावणं आलं, तोंड लावलं की थुंकी आली. त्यात कळा दाबायच्या त्याही डाव्या हातानं. ज्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा ओठ न लावता वरून प्यायचा, त्या घरात राजवाड्यानं हे अख्खं उष्टं भांडं आणून ठेवलं होतं. आत्याबाईंनी ते पडवीच्या आत कधी येऊ दिलं नाही. कृष्णाजी रियाजाला बसले की त्या आत जाऊन दार ओढून घेत.

शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो असं सांगणारी घरं बंगळुरात पैशाला पासरी मिळतात. बाबरांचं घर त्यातलंच. कृष्णाजींचे आजोबा राजवाड्याच्या पागेत, वडील बँडात ढोल वाजवायला. पोरगं हाताशी आल्यावर वडिलांनी त्याला गोऱ्या बँडमास्तरापुढं उभं केलं, आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसे त्यानं कृष्णाजींचे दात आणि ओठ निरखून पाहिले, मग हॉर्न त्यांच्या हाती दिला. असे सरळ, घट्ट दात हजारात एखाद्याचे असतात म्हणाला. या बँडमास्तराला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीताचं भलतं वेड. परेडची गाणी झाली की तो पोरांना शूबर्ट, वेबर, ब्राम्स यांचे तुकडे शिकवी. कृष्णाजींच्या तोंडी ही नावं अशी बसली होती की ही सगळी मंडळी बँडमास्तराच्या नात्यातली असावीत असं विठाबाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं.

पुढं संस्थानं गेली. राजवाड्याचा बँड आटत आटत संपला. बँडमास्तर आपल्या देशी परतला, कृष्णाजी एका सरकारी कारखान्याच्या भांडारात लागले. कारखान्याचा स्वतःचा बँड होता, कधीमधी रविवारी तो कब्बन पार्कात वाजे, त्यात कृष्णाजींची जागा राहिली. राजवाड्याच्या लोकांनी शिंगही त्यांच्यापाशीच राहू दिलं. पण मार्च आणि सलामी वाजवून त्यांचं पोट भरेना. पोट म्हणजे जेवणाचं नव्हे. पोटी मूल नव्हतं, दुसरा नाद नव्हता, माणूस अबोल. संध्याकाळी पडवीत बसून ते तेच जुने तुकडे एकट्याने वाजवत. बाकीच्या साठ माणसांनी वाजवायचं ते मनात ऐकायचं आणि आपली पाळी आली की फुंकायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, हा मधेच गप्प का बसतो?

सत्तावन्न साली आत्याबाई गेल्या. बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं विठाबाईंनी केलं, आणि मनापासून केलं. त्या गेल्यावर विठाबाई धाय मोकलून रडल्या. कृष्णाजींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दिवसवार सगळं नीट केलं, पण रडले नाहीत. नातेवाईक कुजबुजले. विठाबाईंनाही ते खुपलं. आईनं शिंगाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही याचा राग त्यांनी धरला असेल, असं विठाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. विचारण्याची सोय नव्हती. विचारलं तर ते "सरी सरी", म्हणजे कानडीत बरं बरं, म्हणून उठून जात.

यानंतर दोनेक वर्षांनी चंद्रकांत नावाचे एक गृहस्थ बोळात घर शोधत आले. मूळचे पुण्याचे, मल्लेश्वरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत मोठ्या हुद्द्यावर. जर्मनीत शिकायला होते तेव्हा व्हायोलिनही शिकून आले होते. कब्बन पार्कात त्यांनी कृष्णाजींना ऐकलं आणि चक्रावलेच. विमानाच्या कामासाठी आलेल्या एका जर्मन इंजिनिअरची बायको पियानो वाजवायची. तिला आणि चंद्रकांतांना कधीपासून एक हॉर्नवाला हवा होता, आणि तो या शहरात मिळेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"कृष्णाजीराव, ब्राम्सची ती तिघांची रचना ठाऊक आहे तुम्हाला? पियानो, व्हायोलिन आणि हॉर्नची?" पडवीतल्या बाकावर बसत त्यांनी विचारलं.

कृष्णाजी उभेच होते. म्हणाले, "ठाऊक हाय, साहेब. मास्तर माझा भाग शिकवून गेल्यात. बाकीचे दोघं कधी मिळाले न्हाईत."

त्या दिवशी विठाबाईंनी आपल्या नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना कसंसंच झालं. एवढ्या वर्षांत तो चेहरा असा त्यांना कधी दिसला नव्हता. लग्नातसुद्धा नाही.

मग दर शनिवारी कृष्णाजी पेटी घेऊन दंडूला जाऊ लागले. दंडू म्हणजे कँटोन्मेंट. पेटेतली, म्हणजे जुन्या गावातली, म्हातारी माणसं आजही तसंच म्हणतात. जर्मन बाईच्या बंगल्यात तालीम चाले. दिवाळीच्या आधी दंडूतल्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला. आणि अबोल माणूस घरी येऊन बोलू लागला. भाकरी थापता थापता विठाबाई ऐकायच्या.

"ह्यो जो ब्राम्स हाय न्हवं, त्याची आई वारली. तवा त्यानं हे लिवलं."

"आई वारल्यावर शिंग फुंकायचं?" विठाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"रडायला येत नसंल तर काय करायचं माणसानं?" कृष्णाजी म्हणाले.

विठाबाईंचा हात परातीतच राहिला. नातेवाईक काय काय बोलले, आपणही मनात काय काय धरून बसलो, ते सगळं त्यांना आठवलं. या माणसाच्या आत आईसाठीचं रडू दोन वर्षं अडकून बसलं होतं, आणि बाहेर यायला त्याला ही एकच वाट सापडली होती. लाज वाटली त्यांना. फार वाटली.

पुढं एकदा कृष्णाजींनी विठाबाईंना कळा दाखवल्या. पेटी पडवीत, विठाबाई उंबऱ्याच्या आत, मधे हात दोन हात अंतर. "आधी ह्या नव्हत्या. नुसती नळी. शिकारीत फुंकायची. मोजकेच सूर निघायचे. मग जर्मनीत कुणीतरी ह्या कळा बसवल्या, आन् सगळे सूर आले. त्या शंभर वर्सांत जेवढे मोठे लोक झाले त्यांनी हॉर्नसाठी जीव ओतून लिवलं बघ. रान दाखवायचं, लांबचं गाव दाखवायचं, गेलेलं माणूस आठवायचं, सगळं हॉर्नच्या तोंडी. पण ब्राम्स हट्टी. त्याचा बाप जुना, बिनकळांचा हॉर्न वाजवायचा, ह्योबी ल्हानपणी तोच शिकला. आईसाठी लिवायचं तर जुनाच पायजे म्हणाला."

"मग तुमी कळांचा का वाजवता?"

"जुन्यात हॉर्नच्या ह्या मोठ्या तोंडात मूठ घालून सूर वळवायचे असत्यात. ती विद्या मला कुठली? मला कळांचाच येतो, विठा." एवढं बोलून त्यांनी कळांना तेलाचे थेंब सोडले, फडक्यानं शिंग पुसलं आणि पेटी मिटली.

नवरात्र आलं. बंगळुरात खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीला मागं टाकतो. सुताराची करवत, शिंप्याची मशीन, कारखान्यातलं लेथ, टांगेवाल्याचा चाबूक, जो ज्यावर जगतो ते धुऊन, घासून, हळदकुंकू लावून देवापुढं मांडायचं. एकदा मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हलवायचं नाही, हत्यारांचीही विश्रांती. बाबरांकडं शिंगाची पूजा होई, पण पडवीतच. कृष्णाजी स्वतः ते पुसत आणि पेटीच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावत. देवघरात मात्र आजोबांचा पागेतला खरारा मांडला जाई. घोड्याचे केस चालत, माणसाची थुंकी चालत नसे.

त्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी कृष्णाजी कारखान्यातल्या पूजेच्या तयारीला गेले. पेटी घरीच होती. विठाबाई मागच्या दारी पितळेची भांडी घासायला बसल्या. समया झाल्या, घंघाळ झालं, आणि त्यांच्या मनात आलं की या वर्षी शिंग आत घ्यायचं. आत्याबाईंच्या फोटोपुढं ठेवायचं. आईसाठी वाजणार ते, आईनं एकदा बघू दे तरी. पण उष्टं कसं न्यायचं? आत्याबाईंनी वरूनही तोंड फिरवलं असतं. तर ते शुद्ध करायचं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी ती पेटी उघडली तेव्हा त्यांचं मन भरून आलं होतं.

करायचं ते त्यांनी मन लावून केलं. विठाबाईंची भांडी सगळ्या बोळात नावाजलेली. त्यांच्या तांब्यात तोंड दिसे. चिंचेचा कोळ, चाळलेली राख, नारळाची शेंडी. आधी वरून घासलं, वळशा-वळशातून बोट फिरवलं, कळांच्या भोवती शेंडीची टोकं खुपसून काळं काढलं. मग आतला भाग. वर्षानुवर्षांचं उष्टं तर आतच होतं. मोठ्या तोंडातून चिंचेचं पाणी ओतलं, हलवलं, दाबता येईल ते दाबलं, ओतून टाकलं. मग राखेचं पाणी. मग साधं पाणी, पुन्हा पुन्हा. शेवटी गंगेच्या गडूतले चार थेंब. शिंग असं झळकू लागलं की मागच्या भिंतीवर त्याचा कवडसा पडला. पदरानं टिपून त्यांनी ते देवघरात नेलं, खराऱ्याच्या शेजारी, आत्याबाईंच्या फोटोपुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल त्याच्या तोंडात ठेवलं.

कृष्णाजी संध्याकाळी आले. पाय धुऊन देवघराच्या दारात आले आणि तिथंच थांबले.

"कसं झालंय?" विठाबाईंनी विचारलं. त्यांच्या बोटांना अजून चिंचेचा वास येत होता. "आतून बी धुतलं. आता काय उष्टं न्हाई. आत्याबाईंपुढं ठेवलंय."

कृष्णाजींनी हात पुढं केला, शिंगापर्यंत नेला, आणि मागं घेतला. आईच्या फोटोकडं पाहिलं, मग विठाबाईंकडं. विठाबाईंना वाटलं, यांचं मन भरून आलंय. पूजेतली वस्तू हलवायची नाही म्हणून हात मागं घेतला असेल. त्याच वेळी शिंग उचलून, कळा खोलून, पुसून तेल घातलं असतं तर कदाचित वाचलं असतं. पण त्यासाठी पूजा मोडायला हवी होती, आणि समोर बायको अशी उभी होती.

"लई छान झालंय, विठा," ते म्हणाले. "असं तर राजवाड्यात बी कधी झालं नव्हतं."

आंबट पाणी आणि राख आतल्या आत दसऱ्यापर्यंत मुरत राहिली. दसऱ्याला उत्तरपूजा होताच कृष्णाजींनी शिंग पेटीत घातलं आणि ते कल्लाप्पाकडं गेले. कल्लाप्पा शेजारचा, बेळगावकडचा, कारखान्यात लेथवर. "वाईच काम हाय" एवढंच विठाबाईंना कळलं. त्यानंतरच्या शनिवारी ते दंडूला गेले आणि लवकर परतले. पेटी फळीवर ठेवली.

"वाजवणार न्हाई मी," ते म्हणाले. "त्यांनी सेलोवाला बघितलाय. हॉर्नच्या जागी सेलो बी चालतो. बाईंना तेच बरं वाटतंय."

विठाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकल्यासवरल्यांचा हाच धर्म! घरी येऊन पायघड्या घालायच्या आणि ऐन वेळी दंडूतला कुणी गोरागोमटा मिळाला की पेटेतल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं. त्या चंद्रकांताला त्यांनी अशा शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या कानडी होत्या. कृष्णाजी म्हणाले, "तसं म्हणू नगंस. साहेब भला माणूस हाय." त्यावर विठाबाईंनी त्यांनाही सुनावलं: तुमच्या ह्या भोळेपणामुळंच लोक तुमच्या डोक्यावर मिरी वाटतात. ते ऐकून घेत राहिले.

कार्यक्रमाला कृष्णाजी विठाबाईंना घेऊन गेले. जायला विठाबाईंची मुळीच तयारी नव्हती. पण ते म्हणाले, "वाजवायला न्हाई तर न्हाई, ऐकू तरी." सभागृहात खुर्च्या, साहेबलोक, अत्तरांचा वास. विठाबाई नऊवारीत, मागच्या रांगेत, पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत अशा अवघडून बसल्या. समोर जर्मन बाई पियानोवर, चंद्रकांत व्हायोलिन घेऊन उभे, आणि गुडघ्यांत मोठं व्हायोलिन, म्हणजे तो सेलो, धरून बसलेला एक म्हातारा. वाजायला लागलं. विठाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मधे एक संथ भाग आला. पियानोनं खालून अंधारल्यासारखे सूर लावले, बाकीचे दोघं एकेक सूर जोडत वर चढू लागले, आणि कुणी उंबऱ्यावर बसून, आवाज न करता रडावं तसं काहीतरी सुरू झालं. हे मात्र विठाबाईंना कळलं. त्यांनी शेजारी पाहिलं. कृष्णाजींनी ओठ घट्ट आवळले होते आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं धोतरावर, मांडीवर, कळा दाबत होती. डोळे कोरडेच होते. आईसाठीचं रडू दुसराच कुणी वाजवत होता आणि हे बसून ऐकत होते. 

कार्यक्रम संपल्यावर चंद्रकांत गर्दीतून वाट काढत आले. विठाबाईंनी तोंड फिरवलं.

"कृष्णाजीराव, आलात, फार बरं वाटलं. दात कसे आहेत आता?"

"बरं हाय, साहेब. चला, बस जाईल आमची," म्हणत कृष्णाजींनी विठाबाईंना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

दात?  सकाळीच या माणसानं अख्खी सुपारी दातांखाली कडाकडा फोडली होती. दातांना काय धाड भरली होती? दुसऱ्या दिवशी कृष्णाजी कामावर गेले आणि विठाबाईंनी पेटी खाली काढली. शिंग अजून झळकत होतं. त्यांनी पहिली कळ दाबली. हलली नाही. दुसरी, तिसरी. जोर लावला तेव्हा एक कळ कचकच करत अर्धी गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी बोट पाहिलं. बोटाला करडं काहीतरी लागलं होतं. चोळून पाहिलं. आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईला राख ओळखायला वेळ लागत नाही.

त्या तशाच कल्लाप्पाच्या दारात गेल्या. "कल्लाप्पा, खरं सांग. तुझ्याकडं काय घेऊन आलते?"

कल्लाप्पानं मान खाली घातली. "अक्का, आत सगळं खरवडलंय. मी घासून बघितलं तर आणखी सैल झालं, वारा निसटतोय. आपल्याकडं त्याचा कारागीर न्हाई." आणि मग घाईघाईनं, "अण्णांनी शपथ घातलीया मला. तुम्ही इच्यारलं म्हणू नगा."

घरी येऊन विठाबाई मागच्या दारी, त्याच घासायच्या दगडावर बसून राहिल्या. संध्याकाळी कृष्णाजी आल्यावर बोलायचं, पाय धरायचे, असं ठरवलं होतं. पण ते आले, तोंड धुतलं, म्हणाले, "स्वल्प च्या टाक गं," आणि इतक्या साध्या, इतक्या सांभाळलेल्या आवाजात म्हणाले की विठाबाईंना बोलवेना. या माणसानं आपल्याला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला. कळलंय असं सांगितलं तर तो सगळा वाया जाईल, त्याला दुप्पट वाईट वाटेल. आज नको, उद्या बोलू. ते उद्या कधी आलंच नाही.

कारखान्याच्या बँडात कृष्णाजींना झांजा मिळाल्या. पंधरा ऑगस्टला विठाबाई त्यांना बघायला जात. अख्ख्या बँडात सगळ्यात उत्तम कान असलेला माणूस मागच्या रांगेत उभा राहून ठरलेल्या ठोक्यांना दोन थाळ्या एकमेकींवर आपटत असे. एकदा विठाबाई देवळातून लवकर परतल्या तर बोळातूनच घसा बसलेल्या माणसासारखा आवाज ऐकू आला. कृष्णाजी शिंगाच्या तोंडात मूठ घालून, कळांना हात न लावता, जुन्या लोकांसारखे सूर वळवायला बघत होते. एखादा लागे, पुढचे दोन फुसकन निसटून जात. पुन्हा सुरुवात. तोच संथ भाग होता. विठाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आवाज थांबला, पेटीचं झाकण पडल्याचं ऐकू आलं, मग त्या मोठ्यानं खोकल्या आणि आत गेल्या. "आज देवळात लई गर्दी हुती," त्या म्हणाल्या.

पासष्ट साली कृष्णाजी कारखान्याच्या दारातच छातीत कळ येऊन गेले. आजारपण नाही, काही नाही. बोलायचं होतं त्याला सवडच मिळाली नाही.

चंद्रकांत भेटायला आले. कृष्णाजींचे दिवसवार होऊन गेले होते. आता त्यांचे केस पिकले होते. पडवीतल्या त्याच बाकावर बसले, विठाबाई उंबऱ्याच्या आत बसल्या. इकडचं तिकडचं झालं, आणि चंद्रकांत अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, फार गुणी माणूस. तेव्हा ते वाजवायला उभे राहिले असते ना, तर लोक विसरले नसते. पण मोठी रचना होती. ऐन वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो. दात दुखतो म्हणाले, तेव्हाच आम्ही ओळखलं. मी त्यांना कधी टोचून बोललो नाही, बाईंनाही बोलू दिलं नाही. माणूस घाबरतो, त्यात काय एवढं."

विठाबाईंना पहिल्यांदा नीट कळेना. मग कळलं. इतकी वर्षं ही सगळी मंडळी त्यांच्या नवऱ्याला भित्रा समजत होती, वर दया करत होती, आणि ते ठाऊक असून हा माणूस हसतमुखानं "बरं हाय साहेब" म्हणत राहिला होता.

"ते भ्याले नव्हते," विठाबाई म्हणाल्या. "त्यांचे दात सरणावर जाईपर्यंत शाबूत हुते. शिंग मी नासवलं. आयुधपूजेला चिंच आन् राख लावून घासलं, आतून बी. कळा बसल्या त्याच्या. माझं नाव येऊ नये, लोकांनी मला हसू नये, माझ्या जिवाला लागू नये म्हणून त्यांनी तुमाला दात सांगितले. आन् मला सांगितलं की तुमीच नको म्हणालात. मी तुमाला लई शिव्या दिल्या, साहेब."

चंद्रकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "अहो, मग बोलायचं ना! कार्यक्रम पुढं ढकलला असता. बाई त्याच नाताळात गावी गेल्या होत्या. येताना दुसरा हॉर्न घेऊन येणं त्यांना काय जड होतं? आणि त्या वर्षी नाही तर पुढच्या... बासष्ट सालापर्यंत इथंच होत्या त्या, वहिनी. केव्हाही वाजवता आलं असतं." बोलता बोलता आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एकदम थांबले.

"बासष्टपर्यंत?" विठाबाईंनी विचारलं.

चंद्रकांतांनी मान हलवली.

"मला तर कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं," विठाबाई म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटंल म्हणून मी गप बसले. त्यांनी सांगितलं असतं, न्हाई तर मी इच्यारलं असतं, तर काय झालं असतं हो? मी रडले असते. दोन दिस रडले असते, जेवले नसते. मग झालं असतं की सगळं."